कागदावरचे पाणी

दिवाळी उरकली की आमच्या भागात मोटारींचा आवाज वाढतो. जालना जिल्ह्यातल्या कितीतरी शिवारांत तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, गव्हा-हरभऱ्याची पेरणी चाललेली असते. पण मोटारीचा पाइप गव्हाकडे जात नाही. तो जातो शेताच्या कोपऱ्यातल्या मातीच्या उंच भरावाकडे. भरावावर चढून आत डोकावले की प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले चौकोनी तळे दिसते. या अस्तराला आमच्याकडे ‘कागद’ म्हणतात. ‘यंदा कागद टाकला’ म्हणजे तळे तयार झाले. वीज असेल तेवढा वेळ विहीर त्या कागदावर उपसली जाते. तळे भरले की मोटार थांबते, विहिरीत पुन्हा झिरपून पाणी जमते, आणि तोवर शेजारच्या भरावावर पाइप चढलेला असतो.

याला आपण शेततळे म्हणतो. शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी एका खड्ड्यात अडवावे, पावसाने ताण दिला की तेच पिकाला द्यावे, उरलेले जमिनीत मुरू द्यावे, ही शेततळ्याची मूळ कल्पना. कागद टाकलेल्या तळ्यातून पाणी मुरत नाही, मुरू नये म्हणूनच तो कागद असतो. आणि भराव जमिनीपासून इतका वर असतो की वाहते पाणी आत यायला वाटच नसते. ही जमिनीवरची टाकी आहे. जमिनीखालचे, सगळ्या शिवाराचे पाणी वर काढून एका सातबाऱ्यावर साठवायची टाकी.

हवामान बदलाला तोंड द्यायचे तर शेतकऱ्याकडे हक्काचे पाणी हवे, आणि हक्काचे पाणी म्हणजे ज्याचे त्याचे साठवलेले पाणी, असे आज सरकार मानते, बँक मानते आणि शेतकरीही मानतो. मला हे पटत नाही. पाऊस बेभरवशाचा झाल्यावर आपण एकेकट्याने जे उपाय केले, तेच आता दुष्काळाचे एक कारण होऊन बसले आहेत, असे माझे मत आहे. ते मांडताना शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही, हे आधीच सांगतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही कागद टाकला असता.

आमच्या घरची विहीर सात परसांची होती. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. बहात्तरच्या दुष्काळात ती आटली नाही, असे घरची म्हातारी माणसे सांगत. मराठवाड्यात हे घरोघर ऐकायला मिळते : बहात्तरला खायला दाणा नव्हता पण प्यायला पाणी होते, आणि २०१२-१३ ला घरात धान्य होते पण पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागली. ही केवळ म्हाताऱ्यांची हळहळ नाही. पावसाच्या नोंदी काढून पाहिल्या तर अनेक जिल्ह्यांत १९७२ चा पाऊस २०१२ पेक्षा कमी होता. पाऊस कमी असून विहिरीला पाणी होते आणि पाऊस त्याहून बरा असून विहीर कोरडी पडली, याचा अर्थ मधल्या चाळीस वर्षांत जे बदलले ते आभाळात कमी आणि जमिनीवर जास्त होते. बहात्तरला पाणी उपसायला बहुतेक ठिकाणी मोट होती किंवा लहानसे इंजिन. बैल दमले की उपसा थांबायचा. त्याच दुष्काळानंतर खोल छिद्रे पाडणारी यंत्रे गावात आली, पिण्याच्या पाण्यासाठी. पुढे बोअर शेतात शिरले आणि ते किती खोल जाईल हे ज्याच्या त्याच्या पैशावर ठरू लागले.

आपल्या जमिनीखाली काय आहे हे इथे नीट सांगितले पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. गंगेच्या खोऱ्यात वाळू-गाळाचे शेकडो फूट जाडीचे थर आहेत, तसे इथे नाही. वर माती, खाली मुरूम, मग झिजलेला, भेगाळलेला खडक आणि त्याखाली घट्ट पाषाण. पाणी राहते ते मुरमात आणि भेगांत. शंभर घनमीटर खडकातून उपसता येण्याजोगे पाणी निघते ते जेमतेम दोन-तीन घनमीटर. म्हणजे भांडे उथळ आणि लहान. ते एका चांगल्या पावसाळ्यात भरते आणि एका उन्हाळ्यात रिकामे होते. शिवाय ते कोणाच्या बांधाशी थांबत नाही. माझ्या विहिरीतला झरा शेजाऱ्याच्या शेताखालून येतो, आणि मी आडवे बोअर मारले तर त्याचाच झरा माझ्याकडे वळतो. कायदा मात्र अजून या भेगांपर्यंत पोहोचलेला नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी की जमीन ज्याची त्याच्या खालचे पाणी त्याचे. पाषाणाच्या मुलखात या समजुतीचा व्यवहारातला अर्थ एकच होतो : ज्याची मोटार मोठी त्याचे पाणी.

आता यात बदललेले हवामान घाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वर्षाचा आकडा फारसा हलत नाही, पण पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये लांबलचक खंड पडतो. २०२३ चा ऑगस्ट हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्याच वर्षी राज्याला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच मराठवाड्यात आणि सोलापुरात सीना नदी घरात शिरली, शेतांवरची माती खरडून गेली, विहिरी गाळाने बुजल्या. संथ, रिमझिम पाऊस मुरतो. कोसळणारा पाऊस वाहून जातो, कारण माती आणि मुरूम एका तासात घेऊन घेऊन किती घेणार? म्हणजे पावसाची सरासरी गाठली तरी ते उथळ भांडे पूर्ण भरेलच असे नाही.

हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. २०१२-१३ मध्ये जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांसमोर वाळल्या. दहा-पंधरा वर्षे वाढवलेल्या झाडांना लोकांनी टँकरने पाणी घातले आणि शेवटी कुऱ्हाड लावली. ज्याने हे पाहिले तो पुढच्या वेळी एप्रिल-मे महिन्यांचे पाणी दिवाळीतच बाजूला काढून ठेवणार. त्याच जिल्ह्यातल्या कडवंचीसारख्या गावात, जिथे विजयअण्णा बोराडे यांच्या प्रयत्नांतून आधी पाणलोटाचे चोख काम झाले होते, तिथल्या शेततळ्यांनी द्राक्षबागा तगवल्या, हेही खरे. तेव्हा शेततळे हे सरसकट वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न गणिताचा आहे. गावात दहा जणांनी कागद टाकला तेव्हा त्यांचा हिशेब बरोबर होता. शंभरांनी टाकला तेव्हा प्रत्येकाचा हिशेब अजूनही बरोबरच असतो, पण गावाचा चुकलेला असतो. कारण आता थांबणे वेडेपणाचे ठरते. मी नाही उपसले तर माझे पाणी शेजारच्या तळ्यात जाणार. म्हणून जे पाणी पूर्वी जानेवारीत उपसायचे ते डिसेंबरात, आणि डिसेंबरातले नोव्हेंबरात. दुष्काळ पुढच्या उन्हाळ्यात यायचा, तो आम्ही दिवाळीतच बोलावून घेतो.

त्यात उन्हाचा वाटा वेगळाच. जमिनीखालचे पाणी ऊन पीत नाही, उघड्या तळ्यातले पिते. दिवसाला ६ मिलिमीटर जरी धरले तरी जानेवारी ते मे या १५० दिवसांत ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट पाण्याची वाफ होते. तीन मीटर खोलीच्या तळ्यातले वरचे तीन फूट म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक पाणी, कारण तळे वर रुंद आणि खाली निमुळते असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाचा वेग याहून बराच जास्त असतो. तापमान वाढेल तसा तो वाढेल. ज्या पाण्यासाठी शेजाऱ्याशी बोलणे तुटते, त्यातला एवढा हिस्सा हवेत जातो.

‘पण ठिबक आहे ना?’ असे कोणी विचारेल. ठिबकने थेंब वाचतो यात शंका नाही. मात्र वाचलेला थेंब विहिरीत राहत नाही. दोन एकरांची बाग चार एकरांची होते, पाणी तेवढेच लागते, आणि आधी जे वर्ष मोकळे सोडता येत होते ते आता सोडता येत नाही, कारण बाग बारमाही आहे. बाजरी किंवा हरभरा पेरणारा शेतकरी पाऊस कमी पडला तर पेरा कमी करतो, क्वचित रान पडीक ठेवतो. बागायतदाराला ती सोय नाही. त्याचे कर्ज झाडांवर उभे आहे. म्हणजे पाऊस जसजसा लहरी होतो आहे तसतशी आपली पाण्याची मागणी ताठर होत चालली आहे, आणि हे उलट व्हायला हवे होते.

वीज हा आजवर या उपशाला लागलेला एकमेव लगाम होता. रात्री दोनला वीज यायची, थंडीत, साप-बिबट्याच्या भीतीत दारे धरायला जावे लागायचे. ज्यांनी हे सोसले त्यांना दिवसा वीज मिळालीच पाहिजे, यात मला तिळभर शंका नाही. पण २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली आहे, आणि सौर पंप तर ऊन असेपर्यंत चालतो, त्याच्या पुढच्या एका तासाला एक पैसाही पडत नाही. हात सैल सोडला, ते चांगले केले. लगामाच्या जागी दुसरे काहीच ठेवले नाही, ही चूक झाली.

सरकारच्या योजना पाहिल्या की दोन हात एकमेकांना ओळखत नाहीत असे वाटते. एक हात पाणी मुरवतो, दुसरा ते उपसायला पैसे देतो. जलयुक्त शिवारावर ९,६०० कोटींहून अधिक खर्च झाला, आणि तरीही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०२० मधल्या अहवालात नोंदवले. नाला खोल केला, बंधारा बांधला, विहिरीला चार फूट पाणी वाढले, त्या चार फुटांवर गावात आणखी बागा लागल्या. काम वाया गेले असे नाही, ते पिऊन टाकले गेले. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आले. नावातच सगळे आले : जो मागेल त्याला. त्या शिवारात भूजल किती आहे, तळे कशाने भरणार, हे ठरवणारी अट त्या नावात नाही. हवामानाला तोंड देण्यासाठी म्हणून २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्यात आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवली गेली, ही फार मोलाची गोष्ट होती. त्याच प्रकल्पातून अस्तराच्या तळ्यांना अनुदानही मिळाले. ताळेबंदात तूट दिसली तर तळे मंजूर होणार नाही, एवढा धागा पक्का जोडला असता तरी पुष्कळ झाले असते.

कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा आहे आणि त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. आमच्याकडे कोणालाही विचारा, बोअर किती फूट मारले. पाचशेच्या आत उत्तर आले तर तो माणूस नशीबवान समजावा. पोलीस पाठवून हा कायदा पाळला जाणार नाही, आणि तसा तो पाळलाही जाऊ नये. जमिनीखाली काय चालले आहे ते फक्त शेजाऱ्याला कळते. त्यामुळे नियम शेजाऱ्यांनीच केलेला आणि शेजाऱ्यांनीच राखलेला असला तर टिकतो.

आपल्याकडे असे नियम होते, म्हणून मी हे बोलायला धजतो. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचे. या पद्धतीचे शहाणपण कमी पावसाच्या वर्षी दिसे. पाणी कमी असले तर एखादा फड सबंध कोरडा ठेवायचा. बहुतेकांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे कोरड त्यांच्यात वाटली जाई. आज आपण पाण्याच्या वाटपाबद्दल तासन् तास बोलतो, पण तुटीच्या वाटपाबद्दल बोलायचे विसरलो आहोत. बदलत्या हवामानात नेमके तेच शिकावे लागणार आहे.

बहात्तरच्याच दुष्काळातून पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, माणशी मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. जमिनीपासून पाणी वेगळे काढणारा हा विचार माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला महाराष्ट्रातला सर्वांत धीट विचार आहे, आणि आपण त्याला पुरस्कार देऊन बाजूला ठेवले. भूमिहीनाचा वाटा हा शब्द आज एकाही शेततळ्याच्या योजनेत नाही. ज्याला तळ्यासाठी पाव एकर मोकळा सोडता येतो त्यालाच तळे मिळते. ज्याला तेवढी जमीन नाही, त्याच्या वाट्याला आटलेली विहीर आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी गाडी. दुसऱ्याच्या शिवारात पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला बीड-जालन्याची माणसे लेकरे-बाळे घेऊन जातात, कारण आपल्या शिवारात पाणी नाही.

पाण्याच्या शिस्तीसाठी गाजलेल्या हिवरे बाजारचे नाव काढले की लोक म्हणतात, तिथे गावाला पुढे नेणारे पोपटराव पवार होते. होते, आहेत. पण तिथली खरी ताकद ग्रामसभेत आहे. सुमारे ४०० मिलिमीटर पावसाच्या या गावात पावसाळा संपला की पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचे ते ठरवतात. शेतीसाठी बोअर नाही. ऊस-केळी नाही. आता अटल भूजल योजनेतून अनेक गावांत ताळेबंद भिंतीवर रंगवलेला दिसतो : पडलेला पाऊस इतका, उपलब्ध पाणी इतके, तूट इतकी. त्या भिंतीसमोरून मोटारी चालूच असतात. आकडा माहीत असणे आणि आकड्याला बांधून घेणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर भाषणांनी मिटणार नाही.

ते पैशाने मिटेल, असे मला वाटते. ग्रामसभेचे ऐकून ज्याने बागेऐवजी हरभरा पेरला त्याच्या हरभऱ्याला भाव कोण देणार? २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ते चार हजारांच्या आसपास विकले गेले. उसाला कारखाना ठरलेला दर देतो. मग ज्याच्याकडे पाणी आहे तो ऊस लावणार नाही तर काय करणार? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा धरण भरले, आणि त्या भागात ऊस पुन्हा उभा राहिला. शेतकरी दुष्काळ विसरला असे म्हणणे सोपे आहे. ज्वारीने मुलीच्या शिक्षणाची फी भरली असती तर त्याने ज्वारी पेरली असती. कमी पाण्याच्या पिकाची हमीभावाने खात्रीची खरेदी, आधी तुटीच्या गावांत, हा पाण्याचाच कार्यक्रम आहे. तो पणन खात्याचा म्हणून वेगळा ठेवला, इथेच आपण हरलो.

म्हणून माझी मागणी अशी. पावसाच्या वाहत्या पाण्याने, पावसाळ्यातच भरणाऱ्या तळ्याला अनुदान द्या, खुशाल दुप्पट द्या. विहिरीतून भरणाऱ्या तळ्याच्या कागदाला, तुटीच्या गावात, एक रुपयाही देऊ नका. ज्यांची तळी आज आहेत ती मोडा असे मी म्हणत नाही. ती कधीपर्यंत भरायची याची तारीख ग्रामसभेने ठरवावी, आणि पिण्याच्या पाण्याची विहीर अमुक फुटांखाली गेली की तळ्याकडची मोटार बंद, एवढा एक नियम करावा. मोजायला दोरी आणि दगड पुरतो. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी पाणी मोजून घेऊन आणि पट्टी वेळेवर भरून दाखवली आहे, तेव्हा शेतकऱ्याला मोजमाप नको असते हा आरोप खरा नाही. त्याला दुसऱ्याचे मोजले जात नाही याचा राग असतो.

हा नियम करणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. ज्यांची तळी मोठी त्यांचाच ग्रामसभेत आवाज मोठा. तरी एक गोष्ट या नियमाच्या बाजूने आहे. गावातली पिण्याच्या पाण्याची विहीर कोणत्या पंधरवड्यात खाली जाते, हे भूजल खात्याच्या आधी पाणी भरणाऱ्या बायकांना कळते. पोहरा टाकताना दोर किती सोडावा लागला हे त्यांच्या हाताला माहीत असते, आणि त्याच आठवड्यात कोणाच्या भरावावर पाइप चढला आहे हेही त्यांना दिसत असते. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पहिली नोंद त्यांच्या दोराची घ्यावी, आणि तळ्यांचा विषय त्यानंतर.